निमेत चुबुकचू-बाश : इस्तंबूलच्या वकील ते तुर्कस्तानच्या पहिल्या महिला शिक्षणमंत्री (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

निमेत चुबुकचू आणि निमेत बाश या दोन वेगवेगळ्या बायका आहेत का?

नाही, एकच. २००२ ते २०११ या काळातल्या बातम्या वाचल्या तर चुबुकचू दिसतं, २०१२ नंतरच्या वाचल्या तर बाश. घटस्फोटानंतर त्यांनी माहेरचं आडनाव परत घेतलं, म्हणून हा गोंधळ. चुबुकचू म्हणजे हुक्क्या-चिलमीच्या लांब नळ्या करणारा आणि बाश म्हणजे डोकं किंवा प्रमुख. निमेत तर आपल्या ओळखीचाच शब्द आहे : आपण ज्याला नियामत म्हणतो तोच. या पानावर मंत्रिपदाच्या काळासाठी चुबुकचू आणि पुढच्यासाठी बाश असं लिहिलं आहे.

तुर्की अक्षरांबद्दल एक सूचना. शेपूट असलेलं 'सी' म्हणजे च, शेपटीचं 'एस' म्हणजे श, आणि साधं 'सी' म्हणजे चक्क ज. इंग्रजी वृत्तपत्रांतून ही नावं मराठीत येतात तेव्हा 'कुबुक्कू' असं काहीतरी भयंकर होऊन बसतं.

त्या मूळच्या कुठल्या? वकील कशा झाल्या?

जन्म १९६५ सालचा, काळ्या समुद्राच्या काठावरच्या सिनोप प्रांतातल्या आयान्जिक गावचा. डोंगर, जंगल आणि लाकूड यांवर जगणारा हा भाग. (सिनोप म्हणजे दिवसाढवळ्या कंदील घेऊन माणूस शोधत हिंडणाऱ्या डायोजेनिसचं गाव.) शिक्षण इस्तंबूल विद्यापीठाच्या कायदा शाखेत, आणि त्यानंतर इस्तंबूलमध्येच स्वतंत्र वकिली.

तुर्कस्तानात बाईने वकील होणं त्या काळात नवलाचं नव्हतं. सुरेय्या आआओलू यांचं नाव देशातल्या पहिल्या महिला वकील म्हणून घेतलं जातं. त्यांनी १९२०च्या दशकातच कोर्टाची पायरी चढली होती. १९२६ मध्ये स्वित्झर्लंडच्या धर्तीवर नागरी कायदा आला, बायकांना १९३० मध्ये नगरपालिकेला आणि १९३४ मध्ये संसदेला मतदानाचा हक्क मिळाला. वकील बाई मिळणं सोपं होतं, मंत्री बाई मिळणं अवघड. पहिली महिला मंत्री व्हायला १९७१ साल उजाडलं, आणि त्या तुर्कान आक्योल डॉक्टर होत्या.

वकिली सोडून राजकारणात कशा आल्या?

ऑगस्ट २००१ मध्ये रेजेप तय्यिप एर्दोआन (पुढे पंतप्रधान, मग राष्ट्राध्यक्ष) आणि अब्दुल्ला ग्यूल यांनी नवा पक्ष काढला. त्याचं नाव 'अदालेत वे काल्किन्मा पार्तिसी', म्हणजे न्याय आणि विकास पक्ष. त्यातलं अदालेत म्हणजे आपली अदालत. पक्षाच्या संस्थापकांत चुबुकचू होत्या. नोव्हेंबर २००२ मध्ये निवडणूक झाली. पक्षाला मतं ३४ टक्के पडली आणि जागा मिळाल्या ५५० पैकी ३६३. दहा टक्क्यांचा उंबरठा न ओलांडलेल्या पक्षांची सगळी मतं वाया गेल्यामुळे हे गणित जमलं. त्या लाटेत चुबुकचू इस्तंबूलमधून निवडून आल्या. संपूर्ण सभागृहात तेव्हा बायका होत्या २४.

इथे भाषेची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तुर्कीत खासदाराला 'मिल्लेतवेकिली' म्हणतात. वेकिल म्हणजे वकील. खासदार म्हणजे राष्ट्राचा वकील. आणि कोर्टातल्या वकिलाला? त्याला फ्रेंचमधून आणलेला शब्द : आवुकात. पूर्वी मंत्र्यालाही वेकिलच म्हणत. शिक्षणमंत्री म्हणजे मारिफ वेकिली, आणि त्या मारिफचं मूळ आपल्या 'मार्फत'शी जुळतं. आता मंत्र्याला 'बाकान' म्हणतात, म्हणजे 'बघणारा'. तेव्हा चुबुकचू आवुकात होत्या, मग वेकिल झाल्या, मग बाकान. मराठीत एका 'वकील' शब्दात यातलं अर्धं काम भागलं असतं.

'राज्यमंत्री' होत्या असं काही ठिकाणी वाचलं. म्हणजे दुय्यम मंत्री का?

नाही, आणि ही चूक फार होते. तुर्कीतल्या 'देव्लेत बाकानी'चं शब्दशः भाषांतर राज्यमंत्री होतं, पण आपल्याकडच्या राज्यमंत्र्यासारखं ते धाकटं पद नव्हतं. पंतप्रधान कार्यालयाला जोडलेले, स्वतःचं मंत्रालय नसलेले, पण मंत्रिमंडळात पूर्ण दर्जाने बसणारे मंत्री ते. जून २००५ मध्ये चुबुकचू महिला आणि कुटुंब या विषयांच्या अशा मंत्री झाल्या. पंतप्रधान एर्दोआन.

'स्वतःचं मंत्रालय नसलेले' हे शब्द मात्र महत्त्वाचे. त्यांच्या हाताखाली दोन-तीन संस्था होत्या : महिलांच्या स्थितीसाठीचं महासंचालनालय, अनाथ मुलं, वृद्ध आणि अपंग यांची व्यवस्था पाहणारी समाजसेवा व बालसंरक्षण संस्था, आणि कुटुंबविषयक संशोधन करणारा विभाग. पोलीस गृहखात्याकडे, न्यायाधीश न्यायखात्याकडे, दवाखाने आरोग्यखात्याकडे. मारहाण झालेली बाई या तिघांच्या दारात जाणार, आणि तिच्या नावाचं खातं ज्या मंत्र्याकडे आहे त्याला यातल्या एकाही दारावर हुकूम नाही.

त्यांच्या आधी आणि नंतर या पदावर कोण होतं?

आधी ग्यूल्दाल आक्शित, त्याही वकील. नोव्हेंबर २००२ च्या, ग्यूल पंतप्रधान असलेल्या मंत्रिमंडळात त्या एकट्या महिला होत्या आणि पर्यटन खातं त्यांच्याकडे होतं. चुबुकचूंनंतर सेल्मा आलिये कावाफ. २०११ मध्ये या पदाचं रूपांतर कुटुंब व सामाजिक धोरण मंत्रालयात झालं आणि पहिल्या मंत्री झाल्या फात्मा शाहिन. त्या रसायन अभियंता. पुढे एप्रिल २०२१ ते जून २०२३ या काळात देर्या यानिक, म्हणजे पदावर पुन्हा एक वकील.

महिला मंत्री म्हणून त्यांनी नेमकं काय केलं?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे, कारण वकिलीचं बाळकडू कुठे कामाला आलं ते इथे दिसतं.

त्या पदावर आल्या तेव्हा कायदे ताजे होते. २००२ च्या नव्या नागरी कायद्यात 'नवरा हा कुटुंबाचा प्रमुख' हे वाक्य काढून टाकलेलं होतं. २००४ मध्ये घटनेच्या १०व्या कलमात 'स्त्री-पुरुषांना समान हक्क आहेत आणि ही समानता प्रत्यक्षात आणणं ही राज्याची जबाबदारी आहे' अशी भर पडली. १ जून २००५ पासून नवी दंडसंहिता लागू झाली. तिच्यात लैंगिक गुन्हे 'समाजाच्या नीतिमत्तेविरुद्ध' न राहता 'व्यक्तीविरुद्ध' झाले, लग्नांतर्गत बलात्कार गुन्हा ठरला, आणि पीडितेशी लग्न केलं की बलात्काऱ्याची सुटका ही जुनी पळवाट बंद झाली. यामागे तुर्की महिला संघटनांची वर्षानुवर्षांची खटपट आणि युरोपीय संघाच्या प्रवेशवाटाघाटींचा रेटा होता. ते श्रेय चुबुकचूंच्या खात्यात टाकणं चूक.

त्यांच्या वाट्याला आलं ते पुढचं, रटाळ आणि अवघड काम : राजधानी अंकारातला कागद गावातल्या ठाण्यापर्यंत नेणं. हातात मंत्रालय नाही म्हटल्यावर हत्यार उरलं ते पंतप्रधानांच्या परिपत्रकाचं. २००५ मध्ये संसदेने रूढी आणि 'इज्जत' यांच्या नावाने होणाऱ्या खुनांवर चौकशी समिती नेमली. अध्यक्ष फात्मा शाहिन. तिच्या अहवालावरून जुलै २००६ मध्ये २००६/१७ क्रमांकाचं परिपत्रक निघालं. कुठल्या खात्याने काय करायचं याची लांबलचक यादी, महिला महासंचालनालयाकडे समन्वय, आणि दर तीन महिन्यांनी अहवाल. म्हणजे ज्या दारांवर हुकूम चालत नव्हता, त्यांना निदान हिशेब द्यावा लागणार होता. त्याच वर्षअखेर गृहखात्याशी करार होऊन पोलिसांचं प्रशिक्षण सुरू झालं, पुढे आरोग्य कर्मचाऱ्यांचं. मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला 'घरी जा, समेट करा' असं सांगून परत पाठवायचं नाही, हे शिकवायला प्रशिक्षण लागतं. मराठी वाचकाला यात काही परकं वाटू नये.

२००७ मध्ये कुटुंबसंरक्षण कायद्यात, म्हणजे १९९८ च्या कायदा क्रमांक ४३२० मध्ये, दुरुस्ती झाली. कोर्टाने वेगळं राहायची परवानगी दिलेल्या किंवा प्रत्यक्ष वेगळ्या राहणाऱ्या जोडप्यांतल्या बायकाही संरक्षणात आल्या. घटस्फोट झालेल्या आणि लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या मात्र बाहेरच राहिल्या. त्या २०१२ च्या ६२८४ क्रमांकाच्या कायद्याने आत आल्या, तेव्हा चुबुकचू या खात्यात नव्हत्या.

आणि एक काम, ज्याचं मला विशेष वाटतं : आकडे. हाजेत्तेपे विद्यापीठाच्या मदतीने देशभर पाहणी झाली, १२ हजारांहून अधिक बायकांच्या मुलाखती झाल्या, आणि २००९ च्या सुरुवातीला निष्कर्ष जाहीर झाले. कधीतरी लग्न झालेल्या बायकांपैकी ३९ टक्के जणींनी नवऱ्याचा किंवा जोडीदाराचा शारीरिक मार खाल्ला होता. स्वतःच्या सरकारला न शोभणारा आकडा सरकारी शिक्क्यानिशी बाहेर येऊ देणं ही छोटी गोष्ट नाही.

मग आश्रयगृहांचं काय?

२००५ च्या नगरपालिका कायद्याने ५० हजारांवर लोकसंख्या असलेल्या नगरपालिकांवर बायका-मुलांसाठी आश्रयगृह उघडण्याची जबाबदारी टाकली. न उघडल्यास दंड? तो कायद्यात नव्हताच. त्यामुळे बहुतेक नगरपालिकांनी उघडली नाहीत.

जून २००९ मध्ये, म्हणजे चुबुकचू शिक्षणखात्यात गेल्यावर सव्वा महिन्याने, स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ओपूझ खटल्यात तुर्कस्तानला दोषी धरलं. एका बाईने जावयाविरुद्ध वारंवार तक्रारी करूनही राज्याने तिला वाचवलं नाही, शेवटी तिचा खून झाला. घरातल्या हिंसेपासून बाईला न वाचवणं हा लिंगाधारित भेदभाव आहे, असं त्या न्यायालयाने पहिल्यांदाच म्हटलं. घटना चुबुकचूंच्या कारकिर्दीच्या आधीच्या. पण परिपत्रकं आणि प्रशिक्षणं कुठून सुरू होत होती, हे या निकालातून कळतं.

मालात्या प्रकरण काय होतं?

ऑक्टोबर २००५. पद घेऊन चार-पाच महिने झालेले. मालात्या शहरातल्या सरकारी बालगृहात लहान लहान मुलांना सांभाळणाऱ्या बायकाच मारताहेत, अशी गुप्त कॅमेऱ्याची दृश्यं दूरचित्रवाणीवर आली आणि देश हादरला. ती संस्था थेट चुबुकचूंच्या अखत्यारीत होती.

यातून एक खरा बदल पुढे गेला. शंभर-शंभर मुलांच्या दगडी वसतिगृहांऐवजी 'सेव्गी एव्लेरी' म्हणजे मायेची घरं आणि साध्या इमारतींतल्या फ्लॅटमध्ये पाच-सहा-आठ मुलांची बालघरं उभी राहू लागली. हे एका मंत्र्याचं काम नाही, पण दिशा त्या वर्षांतली.

इंग्लंडच्या राजघराण्याशी त्यांचा वाद झाला होता म्हणे?

झाला होता. २००८ मध्ये सारा फर्ग्युसन (यॉर्कच्या माजी डचेस) वेषांतर करून एका ब्रिटिश वाहिनीच्या चमूबरोबर अंकाराजवळच्या आणि इस्तंबूलच्या अपंग मुलांच्या संस्थांत शिरल्या. नोव्हेंबरमध्ये कार्यक्रम दाखवला गेला, खाटांना बांधलेली मुलं जगाने पाहिली. चुबुकचूंची प्रतिक्रिया : हा तुर्कस्तानला बदनाम करण्याचा, युरोपीय संघातल्या प्रवेशाला खीळ घालण्याचा डाव आहे. पुढे २०१२ मध्ये मुलांच्या खासगीपणाचा भंग केल्याबद्दल फर्ग्युसन यांच्यावर अंकारात खटला उभा राहिला. ब्रिटनने त्यांना सोपवायचा प्रश्नच नव्हता.

माझं मत : मुलांचे चेहरे त्यांच्या संमतीवाचून पडद्यावर आणू नयेत, हा वकिली मुद्दा बिनतोड होता. पण बांधलेल्या मुलाचं चित्र समोर असताना पहिला शब्द देशाच्या अब्रूबद्दल निघावा, हे खटकतं.

शिक्षणमंत्री कधी झाल्या? 'पहिल्या महिला' हे खरं का?

खरं. १ मे २००९ च्या फेरबदलात हुसेयिन चेलिक यांच्या जागी त्या आल्या आणि प्रजासत्ताकाच्या इतिहासातल्या पहिल्या महिला राष्ट्रीय शिक्षणमंत्री ठरल्या. आपल्यासारखी केंद्र-राज्य वाटणी तिथे नाही. पश्चिम टोकाच्या एदिर्नेपासून आग्नेय टोकाच्या हक्कारीपर्यंतच्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या नेमणुका अंकारातून होतात. लाखो शिक्षक, कोटीहून जास्त विद्यार्थी, आणि नेमणुकीची वाट पाहणाऱ्या पदवीधरांची कायम नाराज फौज. या पदावर बसलेल्या माणसाला झोप कशी लागते देव जाणे.

शिक्षणखात्यात काय घडलं?

बरंच, आणि त्यातलं सगळं त्यांच्या हातात नव्हतं.

पहिला वाद गुणकाचा. १९९९ पासून धंदेशिक्षण शाळांच्या आणि इमाम-हातिप (धार्मिक) शाळांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या शाखेबाहेरचा अभ्यासक्रम निवडला तर विद्यापीठ प्रवेशात त्यांचे शालेय गुण कमी गुणकाने धरले जात. इमाम-हातिपच्या मुलांना वकील किंवा डॉक्टर होण्यापासून रोखण्यासाठी हे केलं, असं पक्षाचं म्हणणं, आणि ते चुकीचंही नव्हतं. जुलै २००९ मध्ये उच्च शिक्षण परिषदेने हा फरक काढला, प्रशासकीय न्यायालयाने स्थगिती दिली. परिषदेने किरकोळ फरक ठेवून नवा नियम केला, त्यालाही स्थगिती. फरक पूर्ण गेला तो २०११ च्या शेवटी.

मुलांना थेट दिलासा देणारा निर्णय सहावी-सातवीच्या राष्ट्रीय परीक्षांचा. माध्यमिक शाळेच्या प्रवेशासाठी सहावी, सातवी, आठवी अशा तिन्ही वर्षी परीक्षा होती. त्यातल्या पहिल्या दोन टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. शिकवण्यांचा धंदा अर्थात बंद झाला नाही. साध्या माध्यमिक शाळांना अधिक मान असलेल्या 'अनातोलियन' शाळांचा दर्जा देण्याचं परिपत्रकही २०१० चंच. पाटी बदलली म्हणजे शाळा बदलते का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

नोव्हेंबर २०१० मध्ये 'फातिह' प्रकल्प जाहीर झाला : वर्गावर्गात इलेक्ट्रॉनिक फळे आणि मुलांच्या हातात टॅब्लेट. नाव तांत्रिक शब्दांची आद्याक्षरं जुळवून केलेलं, पण फातिह म्हणजे जेता, इस्तंबूल जिंकणारा सुलतान दुसरा मेहमेद. टॅब्लेटवाटपाला इतकं भारदस्त नाव त्यांनाच सुचावं. त्याच महिन्यात १८वी राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिने शालेय शिक्षण टप्प्यांत विभागायची शिफारस केली. २०१२ मधल्या वादग्रस्त ४+४+४ रचनेची बीजं तिथे दिसतात, पण तो कायदा त्यांच्या वारसदाराच्या काळातला.

२०१० च्या पेपरफुटीत त्यांचा दोष होता का?

पेपरफुटी म्हणजे काय हे महाराष्ट्रात कुणाला समजवायला नको. जुलै २०१० मध्ये सरकारी नोकरभरतीची परीक्षा झाली. तिच्यातल्या शिक्षकांसाठीच्या शिक्षणशास्त्राच्या पेपरात १२० पैकी १२० बरोबर उत्तरं देणारे सुमारे साडेतीनशे जण निघाले, आणि त्यात नवरा-बायकोच्या जोड्या सापडू लागल्या. तो पेपर रद्द करून ऑक्टोबरअखेर पुन्हा घेतला गेला. परीक्षा मंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला.

हे मंडळ तेव्हा उच्च शिक्षण परिषदेच्या छत्राखाली होतं, शिक्षणखात्याच्या नाही. त्यामुळे फुटीचा थेट दोष मंत्र्यावर येत नाही. पण नेमणुका रखडल्या त्या शिक्षणखात्याच्या, आणि रस्त्यावर उतरलेल्या तरुणांना खात्यांच्या हद्दी माहीत असण्याचं कारण नव्हतं. २०१५ पासून तपास यंत्रणांनी या फुटीमागे धर्मोपदेशक फेतुल्ला गुलेन यांच्या अनुयायांचं जाळं असल्याचा आरोप ठेवून धरपकड केली. फुटीच्या वेळी सरकार आणि ते जाळं एकमेकांचे मित्र होते, हे सांगायला मात्र आरोपपत्राची गरज नाही.

त्या डोक्यावर रुमाल बांधतात का?

नाही. एर्दोआन यांच्या पक्षाच्या सुरुवातीच्या सगळ्या महिला मंत्री उघड्या डोक्याच्याच होत्या. १९९९ मध्ये, संसदेत रुमाल चालत नसताना, तो बांधून आलेल्या नव्या खासदार मेर्वे कावाक्चींना शपथ न घेताच सभागृहाबाहेर जावं लागलं होतं. ऑक्टोबर २०१३ मध्ये चार खासदार रुमाल बांधून सभागृहात आल्या आणि कुणी हरकत घेतली नाही. पहिल्या रुमालधारी मंत्री आयशेन ग्युर्जान, २०१५.

पक्षात त्यांचं वजन किती होतं?

मार्च २००८ मध्ये, महिला दिनाच्या आदल्या दिवशी, एर्दोआन यांनी उशाक शहरातल्या बायकांना किमान तीन मुलं जन्माला घालायचा सल्ला दिला. देशाच्या महिला मंत्री तेव्हा चुबुकचू होत्या. परिपत्रक २००६/१७ आणि हा सल्ला एकाच सरकारचे. त्यांच्या वजनाबद्दल यापेक्षा जास्त काही सांगायची गरज मला वाटत नाही.

राखीव जागांना पक्षप्रमुखांचा विरोध होता. २००७ च्या निवडणुकीआधी का-देर या महिला संघटनेने नामवंत बायकांचे मिश्या लावलेले फोटो झळकवले : संसदेत जायला पुरुषच व्हावं लागतं का? त्या निवडणुकीत महिला खासदार २४ वरून ५० वर गेल्या, २०११ मध्ये ७९ वर. आणि २०११ च्या मंत्रिमंडळात महिला मंत्री? एक. चुबुकचूंचं पद गेलं, ओमेर दिन्चेर शिक्षणमंत्री झाले.

मंत्रिपदानंतर काय केलं?

२०१२ मध्ये संसदेने लष्करी उठाव आणि लष्कराच्या इशारापत्रांची चौकशी करायला सर्वपक्षीय समिती नेमली. अध्यक्षपदी निमेत बाश. १९६०, १९७१, १९८०, १९९७ आणि २००७ : पाच वेळा लष्कराने राजकारणात हात घातला, त्या प्रत्येकाची साक्षीपुराव्यांसह छाननी. माजी पंतप्रधान, सेनाधिकारी, पत्रकार, तुरुंगात छळ सोसलेले लोक समितीपुढे आले. नोव्हेंबर २०१२ मध्ये हजाराहून जास्त पानांचा अहवाल निघाला. मला विचाराल तर त्यांच्या स्वभावाला सगळ्यात शोभलेलं काम हेच : साक्षीदार बसवायचा, प्रश्न विचारायचा, उत्तर नोंदवायचं.

पक्षात सलग तीन कार्यकाळांनंतर थांबायचा नियम होता. २००२, २००७, २०११ असे तीन झाले आणि २०१५ मध्ये त्यांची खासदारकी संपली.

घटस्फोटानंतर आडनाव बदलावंच लागतं का तिथे?

नागरी कायद्याचं १७३वं कलम तसंच सांगतं : घटस्फोट झाला की बाई लग्नाआधीच्या आडनावावर परत जाते. नवऱ्याचं ठेवायचं असेल तर न्यायाधीशाची परवानगी लागते, तीही त्या नावात तिचं हित आहे आणि नवऱ्याला त्याने बाधा येत नाही हे पटवून दिल्यावर. विचार करा, नऊ वर्षं देशभर ज्या नावाने ओळख झाली ते नाव कोर्टाच्या मर्जीवर.

लग्न होताना आणखी सक्ती होती. १८७व्या कलमाने नवऱ्याचं आडनाव घ्यावंच लागे. फार तर आपलं त्याच्या आधी जोडता येई. एका तुर्की महिला वकिलानेच हे स्ट्रासबर्गला नेलं आणि २००४ मध्ये ती जिंकली, तरी अंकारातला कायदा हलला नाही. मार्च २०११ मध्ये घटना न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं, २०१३ मध्ये एका वैयक्तिक अर्जावर उलटा कौल दिला, आणि २०२३ मध्ये अखेर ते रद्द केलं. रद्दबातल होणं लागू झालं जानेवारी २०२४ पासून. लग्नात नवरीचं आडनावच काय, तांदळाच्या ताटात अंगठीने पहिलं नावही बदलून लिहिणाऱ्या आपल्या घरांना यावर हसण्याचा अधिकार नाही.

इस्तंबूल करारावर सही त्यांनी केली होती का?

नाही. महिलांवरील हिंसाचाराविरुद्धचा युरोपीय करार ११ मे २०११ रोजी इस्तंबूलमध्ये सह्यांसाठी खुला झाला. चुबुकचू तेव्हा मंत्रिमंडळात होत्या, पण शिक्षणमंत्री म्हणून. मार्च २०२१ मध्ये एर्दोआन यांनी एका रात्रीत, अध्यक्षीय आदेशाने, तुर्कस्तानला त्यातून बाहेर काढलं. महिन्याभरात कुटुंबमंत्री झालेल्या देर्या यानिक यांच्यावर तो निर्णय निभावून नेण्याची वेळ आली.

त्यांच्यानंतर दुसरी महिला शिक्षणमंत्री झाली का?

ओमेर दिन्चेर, नाबी आव्जी, इस्मेत यिल्माझ, झिया सेल्चुक, महमुत ओझेर आणि २०२३ पासून युसुफ तेकिन. सहाही पुरुष.